मागच्या डाव्या सीटचं वजन

१

त्यांना सगळे दोरीमास्तर म्हणत, कारण मशीन येण्याआधी ते गाड्यांची अलाइनमेंट दोरीने करत. गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी ठोकळे, त्यांवर ताणलेली सुती दोरी, हातात पोलादी पट्टी आणि एक डोळा मिटलेला. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पुढचं शिक्षण टायरांनी केलं. आता दुकानात मोठा पडदा होता, त्यावर लाल-हिरवे आकडे नाचत. तरी काम झालं की मास्तर खुंटीवरची दोरी काढून एकदा ताणून बघतच. "मशीनला पोटापाण्याची काळजी नाही," म्हणायचे, "मग तिला चुकीची लाज कुठून येणार?"

टायर म्हणजे गाडीची चप्पल, हे त्यांचं आवडतं वाक्य. टाच कुठे झिजली बघा, चाल कळते. एकदा एका किराणा दुकानदाराची गाडी आली. मागचं डावं टायर आतल्या कडेने पार खाल्लेलं. मास्तरांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "शेठ, मागे डावीकडे कोण बसतं हो? चांगलं वजनदार माणूस आहे." दुकानदाराने हातच जोडले. "सासूबाई! सहा महिने झाले." मास्तर म्हणाले, "ओझ्याशी भांडायचं नसतं. ओझं आहे तसं धरायचं नि गाडी त्याप्रमाणे बसवायची." मागच्या सीटवर सासूबाईंच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांनी चाकं जुळवली. टायर पुढे दोन वर्षं टिकलं. सासूबाईही टिकल्या, हे दुकानदाराचं पुढचं रडगाणं.

ही वाळूच्या पिशव्यांची रीत आसपास दुसऱ्या कुठल्या दुकानात नव्हती. गाडी रॅम्पवर आली की मास्तर चालवणाऱ्याला वजन विचारत. बाया लाजत, पुरुष खोटं सांगत. मग तेवढ्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर रचायच्या आणि नंतरच आकडे जुळवायचे. "रिकामी गाडी कोण चालवतं?" असा त्यांचा सवाल असे. खाली बसवलेल्या गाडीत तर हे फारच महत्त्वाचं. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी जमिनीलगत आणली की चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेवर चालतं आणि पाच किलो इकडचे तिकडे झाले तरी त्याला जाणवतं.

तशीच खाली बसवलेली, जुनी पण देखणी गाडी मास्तरांच्या एकुलत्या एका लेकीने घेतली. लेक डोळे तपासायचं काम करायची, पस्तीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात रोज जाऊन-येऊन.

"बाबा, तुम्ही चाकांचे नंबर काढता, मी डोळ्यांचे. धंदा एकच," ती हसून म्हणायची.

"माझं गिऱ्हाईक खोटं वाचून दाखवत नाही," मास्तर म्हणायचे.

तिने वजन सांगितलं अठ्ठावन्न. अठ्ठावन्न किलोच्या पिशव्या सीटवर ठेवल्या. मास्तरांनी पोरीची गाडी म्हणून तीन तास घेतले, चारही टायर नवी घातली. सगळे आकडे हिरवे झाले. दोरी ताणली. दोरीही हो म्हणाली.

२

दीड महिन्याने लेक दुकानात आली. "गाडी डावीकडे ओढतेय. हात भरून येतात माझे."

पाना गाडीखाली गेला. पाना म्हणजे सत्तावीस वर्षं दुकानात मास्तरांच्या हाताखाली असलेला जोडीदार. मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून नावच ते पडलं. त्याने खालूनच शीळ घातली. "मास्तर, तुम्हीच या. मी सांगितलं तर मलाच नावं ठेवाल."

मागचं डावं टायर आतल्या कडेने इतकं खाल्लं होतं की तारा दिसायच्या बेतात होत्या. पुढचं उजवं, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूचं, नेमकं उलट: बाहेरच्या कडेने झिजलेलं. बाकी दोन नवीच्या नवी.

मास्तर बराच वेळ त्या दोन टायरांकडे आळीपाळीने बघत राहिले. स्प्रिंग बसली म्हणावं, तर अशा गाडीत तिरके कोपरे, पुढचा उजवा नि मागचा डावा, सख्ख्या भावांसारखे असतात. भार वाढला तर दोघांचा वाढतो, घटला तर दोघांचा घटतो. इथे एका भावाचं दुसऱ्याने नेलं होतं. अठ्ठावन्न किलो ठेवून गाडी मशीनवर घेतली, तर सगळं हिरवं. म्हणजे गाडीत दोष नव्हता. रस्त्यावर असताना गाडीत जे काही असायचं, दोष त्यात होता.

पुढच्या सीटवरून एक-एक किलो काढत मास्तर मागच्या डाव्या सीटवर ठेवत गेले. सहावी पिशवी ठेवली आणि पडद्यावरचे आकडे लाल झाले. टायरांवर जी झीज होती, तीच. दशांशाचाही फरक नाही.

"मागे काय ठेवतेस गं?"

"काही नाही."

"डबा? पुस्तकं?"

"बाबा, सहा किलोचा डबा खाल्ला असता तर मी अशी असते? उलट कालच वजन केलं. बावन्न! काही न करता सहा किलो उतरले!" तिने गिरकी घेऊन दाखवली.

पाना हसला. "मग ते सहा किलो मागे बसलेत, पोरी. उतरवून तरी यायचं."

मास्तरही हसले. पण नजर तिच्यावरून निघेना. सहा किलो उतरलेलं माणूस कुठेतरी दिसतं: गालावर, गळ्याच्या हाडावर, मनगटावर. लेकीचं घड्याळ त्याच भोकात होतं.

योगायोग, त्यांनी मनाला सांगितलं. धंद्यात असे योगायोग पुष्कळ बघितले होते. खरा प्रश्न होता टायरचा. पोरगी रोज सत्तर किलोमीटर जाते, भर वेगात तारा उघड्या पडल्या तर? त्यांनी सासूबाईंचा नियम लावला. पुढे बावन्न, मागे सहा. त्या भारावर चारही चाकं जुळवली, दोन टायर बदलली. पडदा हिरवागार झाला.

दोरी ताणायला गेले तेव्हा खुंटीवरून ती खाली पडली होती. उचलून ताणली. दोरीही हो म्हणाली.

३

महिन्याने लेक पुन्हा आली ती खूश होऊन. "लोण्यासारखी चालते. बोट लावायला नको."

मास्तरांनी चारही टायरांवरून अंगठा फिरवला. इतकी एकसारखी झीज त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. झीज म्हणायलाच जीव धजत नव्हता. हवेवर चालवल्यासारखी टायर.

"बघ पाना! याला म्हणतात काम."

"मशीनला आता लाज वाटेल," पाना म्हणाला.

ती निघताना मास्तर सवयीने तिच्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी बसले. अशा गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं मावतात. त्या फटीत बोटं घालून चालवणाऱ्याला बसायला सांगायचं. बसलं की मडगार्ड खाली येतं, बोटांना दाब कळतो. मास्तरांच्या बोटांना माणसाचं वजन दोन-चार किलोच्या फरकाने सांगता यायचं, त्यावर पैजा लागायच्या.

"बस गं."

दार लागलं. बोटांवर पुरता दाब आलाच नाही.

"बस म्हटलं ना!"

"बसले ना बाबा. कधीची."

त्यांनी मान वर केली. लेक सीटवर होती, पट्टा लावून, आरसा सारखा करत. मागच्या डाव्या चाकापाशी पाना गंमत म्हणून तसाच फटीत बोटं घालून बसला होता. तो हसत नव्हता.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, "इथं दाबली गेली."

"दार उघडलं का कुणी?"

"नाही."

मास्तरांनी तिला उतरवलं. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या मोजायचा काटा होता. त्यावर आधी पाना उभा राहिला: एकाहत्तर, नेहमीचे. मग लेक. बत्तीस.

"काटा बिघडलाय तुमचा," ती म्हणाली. तिची सावली काट्यावर पडली होती, धडधाकट माणसाची सावली. गाल भरलेले, मनगटावर घड्याळ त्याच भोकात.

पहिल्या दीड महिन्यात सहा. दुसऱ्या एकाच महिन्यात वीस. मधे काय बदललं, हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. पुढे बावन्न आणि मागे सहा धरून गाडी त्यांनीच बसवली होती. तोवर स्टेअरिंग ओढत होतं, टायर आतून झिजत होतं, कारण गाडी अडवत होती. तारा दिसेपर्यंत अडवत होती बिचारी. मास्तरांनी मागच्या सीटवर सहा किलोची जागा नीट करून दिली आणि गाडी अडवायची थांबली.

४

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जीभ बघितली, रक्त बघितलं, पोरगी ठणठणीत आहे म्हणाले. त्यांच्या काट्याने एकोणतीस दाखवले, तर त्यांनी काटा दुरुस्तीला पाठवला.

मास्तरांनी किल्ली काढून घेतली. गाडी दुकानाच्या मागच्या खोलीत, कुलपात. लेक चिडली. "पंचवीस वर्षांची आहे मी बाबा, पाच वर्षांची नाही!" बायको म्हणाली, "अहो, स्वतः जुळवलेली गाडी आणि स्वतःच घाबरता? हे म्हणजे हलवायाने स्वतःच्या मिठाईला नाक मुरडावं तसं झालं."

चार दिवस सकाळी मास्तर खोली उघडून पोलादी पट्टीने चारही फटी मोजत. पहिले दोन दिवस काही नाही. रिकामी गाडी रिकाम्या गाडीसारखी उभी. तिसऱ्या दिवशी मागचा डावा कोपरा एक सूत खाली होता. चौथ्या दिवशी तीन सूत. दोरी खालून ताणली तर गाडीची कड स्पष्ट कलती दिसत होती. मास्तर वाकून मोजत असताना आतून आवाज आला: सीटच्या स्प्रिंगचा, हलका, लांबच्या प्रवासात माणूस जरा सरकून नीट बसतं तेव्हा येतो तसा. त्यांनी काचेतून आत पाहिलं नाही. पट्टी खिशात घातली आणि कुलूप लावलं.

घरात मात्र आवाज कमी होत चालले. लेक जिन्यावरून उतरे आणि पायरी वाजत नसे. तिसरी पायरी तर घर बांधल्यापासून करकरायची. बायको दोनदा दचकली. "अगं, मांजरीसारखी काय येतेस मागून! जीव जाईल माझा." लेक पलंगावर बसे आणि चादरीला सुरकुती पडत नसे. एकदा बाहेर वारं सुटलं होतं, तर ती दाराची चौकट धरून उभी राहिली. हसत होती, पण बोटं पांढरी पडली होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला नं, आजकाल कुणी हाक मारली तर ऐकू यायला वेळ लागतो."

मास्तरांनी तिला काट्यावर उभं केलं नाही. उचललं. लहानपणी उचलायचे तसं, हसत हसत. आणि हसू तोंडावर तसंच ठेवून खाली ठेवलं.

५

गाडीच्या कागदांवर जुन्या मालकाचा नंबर होता. फोन एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मास्तरांनी नाव-गाव सांगायच्या आधी गाडी सांगितली.

"किती राहिलंय?" म्हातारा म्हणाला.

मास्तरांच्या तोंडून तिला उचलताना हातांना कळलेला आकडा निघाला. "अकरा."

"गाडी तुमची मुलगीच चालवते ना? तीच आली होती घ्यायला. माझ्या मनात आलं होतं, सांगावं. आमच्याकडे मुलगा चालवायचा."

"आता कसा आहे तो?"

"आहे ना. घरीच आहे. जेवतो चांगला." मग आवाज खाली आला. "आम्ही त्याच्या खोलीत जात नाही."

मास्तरांनी सवयीने धंद्यातलं तेवढं विचारलं. "गाडी का विकली?"

"तो उतरला. उतरल्यावर गाडी हलकी झाली, काही दोष राहिला नाही. मग विकली."

"मी गाडी बंद करून ठेवलीय."

"आम्हीही ठेवली होती. नऊ दिवस. थांबत नाही हो. इतकंच होतं की शेवटी आमचा मुलगा गाडीपाशी नव्हता, कुठेतरी भलतीकडेच होता. तो कुठे उभा होता ते आम्हाला कळलंच नाही. अजून शोधतो मी." म्हातारा खोकला. "तुम्ही बरोबर राहा. तेवढं करा."

मागे कुणीतरी त्याला हाक मारली. तरुण, जाडसर आवाज, "बाबा, कुणाचा फोन?" फोन ठेवला गेला.

६

ऐकलं ते सगळं खरं मानायला मास्तर काही खुळे नव्हते. एक उपाय त्यांच्या हातात होता आणि तो त्यांच्या विद्येतला होता. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, अठ्ठावन्न किलोच्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर रचल्या, मागची सीट मोकळी धरली आणि चाकं पहिल्या दिवशी होती तशी जुळवली. मागचे सहा किलो नाकारले. पडद्यावर मागचा डावा आकडा लाल राहिला, त्याकडे बघितलं नाही. दोरी खरी धरली. पाना शेजारी एकेक हत्यार हातात देत होता. शेवटचा नट आवळून झाल्यावर तो म्हणाला, "मास्तर, टायर खाऊन टाकेल ही."

"खाऊ दे. शंभर टायर घालीन."

सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. मास्तरांनी लेकीला दुकानात बोलावून घेतलं आणि किल्ली दिली. "घरी चल. चालव तू. मी बसतो शेजारी."

"राग गेला?"

"गेला."

ती बसली. मास्तर तिच्या डावीकडे बसले, पट्टा लावला, मागे बघितलं नाही. गाडी रस्त्याला लागली. पहिल्या चौकातच लेकीच्या कपाळावर आठी आली.

"बाबा, ओढतेय पुन्हा. डावीकडे."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ओढू दे. घट्ट धर."

मागच्या डाव्या चाकातून बारीक किरकिर सुरू झाली. आतली कड रस्त्यावर घासत होती. तीस वर्षं हा आवाज ऐकला की मास्तरांचे दात आंबायचे. आज त्यांना तो गोड लागत होता. कुणीतरी दार आतून धरून ठेवावं तशी गाडी धरत होती. लेकीचे हात स्टेअरिंगवर ताणले होते, दंडाची शीर दिसत होती. तिच्या श्वासाचा आवाज आला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"सोडू नको हं," ते म्हणत राहिले. "बाळा, सोडू नको."

"हात दुखतात हो."

"दुखू देत."

पेट्रोल पंप गेला. शाळेची लांब भिंत गेली. घराच्या अलीकडचं शेवटचं वळण आलं, गाडी वळली, आणि किरकिर थांबली. हळूहळू कमी झाली असं नाही. बोलता बोलता माणसाने वाक्य सोडून द्यावं तशी थांबली.

"अरे वा," लेक म्हणाली आणि एक हात मांडीवर ठेवला. "सरळ झाली."

फाटकासमोर गाडी थांबली. मास्तर उतरले, वळसा घालून तिच्या बाजूला आले आणि चाकापाशी गुडघ्यावर बसले. दोन बोटं फटीत घातली.

"इथेसुद्धा, बाबा?"

"उतर."

दार उघडलं, लागलं. बोटांना काही कळलं नाही. वाऱ्याने दार हललं असतं तर जास्त कळलं असतं.

मग टपाची रेष कलली, गाडीचा मागचा डावा कोपरा वर यायला लागला. सावकाश, दार न उघडता. एक बोट, दोन बोटं, अडीच, आणि रिकाम्या गाडीच्या उंचीवर येऊन थांबला. गाडीच्या पलीकडे फाटकातली खडी वाजली. पावलं. टाच आधी टेकवणारी, उजवा पाय जरासा घासणारी. ही चाल मास्तरांना पाठ होती, चप्पल न बघता. कित्येक दिवस घरात ती कुणी ऐकली नव्हती. गाडीच्या टपावरून खांद्याएवढं काहीतरी क्षणभर दिसलं, केस मागे सारणारा हात, आणि उघड्या दारातून आत गेलं. तिसरी पायरी करकरली.

मास्तर उठले नाहीत. लेक त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांनी तिचा हात धरला. बोटं बोटांत होती, हे डोळ्यांना दिसत होतं.

बायको दारात आली, पदराला हात पुसत. "अहो, एकटेच काय बसलात उन्हात चाकापाशी? लेक केव्हाची वर गेली. म्हणते, भूक लागलीय कडकडून. या, वाढते."

"बाबा," लेक म्हणाली, "आई असं काय बोलतेय?"

मास्तरांनी धरलेला हात सोडला नाही. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. त्यांनी नकळत मोजली. एक, दोन, तीन. घरात माणसं तीनच होती.

"चला ना बाबा," ती म्हणाली. "मलापण भूक लागलीय."